पूल बंद होता

बटण दाबून झाल्यावर पडद्यावर हिरवी पट्टी आली: आपले सर्व निकाल तिन्ही विद्यापीठांना पाठवले आहेत. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती तिनं सवयीनं वाचली, कारण बारीक अक्षरातलं वाचणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं. निकालपत्रकाची प्रत नोंदणीकृत पत्त्यावर पाठवण्यात आली आहे. पुढे ईमेलचा पत्ता, पहिलं अक्षर, मग सहा फुल्या, मग शेवटची दोन अक्षरं. तिचा पत्ता असा संपत नव्हता. बाबांचा संपत होता.

प्रयोगशाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलावर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. मॅडम अजून आल्या नव्हत्या, म्हणूनच तर तिनं हे काम घरी न करता इथे उरकून घेतलं होतं. नव्या परीक्षेत तीनशे अकरा गुण पडले होते. तिला हव्या असलेल्या परदेशातल्या विभागाला तीनशे वीस लागत होते. जुन्या परीक्षेत, साडेचार वर्षांपूर्वीच्या, तीनशे सत्तावीस होते. निकाल पाच वर्षं ग्राह्य, दोन्हींतला चांगला ते धरणार. एकटा जुना निकाल पाठवायची सोय नव्हती. एकतर फक्त अलीकडचा पाठवा, नाहीतर सगळे. तिनं जुनं खातं नव्या खात्याला जोडलं आणि सगळे पाठवले. जुनं खातं बाबांनी उघडून दिलं होतं, स्वतःच्या ईमेलवर. तुझ्या ईमेलात जाहिरातींचा कचरा असतो, महत्त्वाचं तेवढं हरवतं, असं त्यांचं म्हणणं. हे ती साफ विसरून गेली होती. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं कागद सांभाळून निवृत्त झालेला माणूस घरी बसला की काय करतो, तर घराची कचेरी करतो. बाबा रोज अकराच्या ठोक्याला संगणक लावत. आलेलं प्रत्येक पत्र छापत, वीजबिलापासून वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत. लाल पेन्सिलीनं वाचत, जे पटलं त्यावर बरोबरची खूण, मग दोन भोकं पाडून त्या वर्षाच्या फाइलीत, तारखेनं. संगणकात असलेलं त्यांच्या लेखी नसल्यासारखंच होतं. कागदावर आलं की झालं.

आणि आज अकरा वाजता ते छापतील, तेव्हा कागदाच्या वरच्या भागात नवी परीक्षा असेल आणि खालच्या भागात जुनी. जुनीच्या समोर तारीख असेल. ती तारीख घरात कुणाला सांगावी लागत नव्हती. त्या तारखेला आई गेली. त्या तारखेला ती परीक्षेतून अर्धा पेपर सोडून उठली आणि धावत दवाखान्यात आली, पण पूल बंद असल्यामुळे तिला पोचायला उशीर झाला. हे सगळ्यांना माहीत होतं. मावशीला, शेजारच्यांना, बाबांच्या जुन्या कचेरीतल्या लोकांना. अर्धा पेपर सोडून उठलेल्या माणसाच्या निकालात शेवटच्या दोन भागांपुढे गुण नसतात. तिच्या निकालात पाचही भागांपुढे गुण होते, आणि सगळ्यात जास्त शेवटच्या भागात.

तिनं हात पांढऱ्या कोटाच्या खिशात घातले आणि पिपेटला सांगितलं की डोकं दुखतंय, घरी जाते. पिपेट म्हणजे शेजारच्या टेबलावरचा उंच, काटकुळा सहकारी. हे नाव त्याला मॅडमनीच ठेवलं होतं. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "आठ नंबरच्या विहिरीचं पाणी प्यायलीस की काय? तोंड तसंच झालंय." मग तिच्या बाटल्या आपल्याकडे ओढून घेत म्हणाला की जा, मी बघतो, फक्त वहीत सही करून जा. वहीत सकाळचं एक वाचन चुकलं होतं. तिनं नियमाप्रमाणे त्यावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला बरोबर आकडा लिहिला. प्रयोगशाळेचा हा पहिला नियम. चुकलेलं खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पांढरं फासायचं नाही. एकच रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. सात वर्षं ती हे करत होती आणि त्यात भिण्यासारखं काही आहे असं तिला आजवर वाटलं नव्हतं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी ती दाराशी उभी राहिली. उभं राहिल्यानं बस लवकर पोचते अशी काहीतरी तिच्या पायांची समजूत झाली होती. दहा वाजून बावीस मिनिटं. अर्ध्या तासाचा रस्ता. सिग्नलला बस थांबली की ती घड्याळ बघायची, आणि सुटली की पुन्हा बघायची. एका दुकानाबाहेर माणूस पत्र्याच्या कपाटांना रंग देत होता, करडा, आणि तो करडा रंग पाहून तिला व्हायचं ते झालंच. परीक्षा केंद्रातली कपाटं त्याच रंगाची होती. तिचं चौदा नंबरचं. दारावरच्या बाईनं तिला बाह्या वर करायला लावल्या, खिसे बाहेर काढायला लावले आणि किल्ली हातात देताना म्हणाली, फोन बंद. तिनं फोन बंद केला नाही, आवाज तेवढा बंद केला. आई दोन दिवसांपासून दवाखान्यात होती, पण डॉक्टर म्हणाले होते की काळजी नको, नुसतं लक्ष ठेवायचंय, सोमवारी घरी. आईनंच उशीवरून मान हलवून तिला जायला सांगितलं होतं. जाऊन ये, मी कुठे पळून जाते का. म्हणजे जाणं चुकलं नव्हतं. जाण्याबद्दल तिला कधी काही वाटलं नाही. मधल्या सुट्टीबद्दल वाटत होतं. दहा मिनिटांची सुट्टी, पाणी पिण्यापुरतं कपाट उघडायची परवानगी. तिनं उघडलं तेव्हा फोन पत्र्यावर थरथरत होता. पत्र्यावर तो आवाज केवढा मोठा येतो. पडद्यावर बाबा. अकरा वाजून दहा मिनिटं. दारावरची बाई मान वळवून बघायला लागली आणि तिनं फोनच्या कडेची कळ दाबली. थरथर थांबली. तेवढंच. दुसऱ्या थरथरीला थांबली. बाबा कशासाठीही फोन करत, साखरेचा डबा कुठे, कात्री कुठे ठेवलीस, असं तिनं स्वतःला सांगितलं. हे ती त्या क्षणी म्हणाली की नंतर, हे आता नीट सांगता येत नव्हतं. तिनं दोन घोट पाणी प्यायलं, बाटलीचं झाकण लावलं, कपाट लावलं, किल्ली फिरवली आणि आत जाऊन बसली.

आणि मग तिचं डोकं असं चाललं की तसं आधी कधी चाललं नव्हतं आणि नंतरही नाही. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटे. माणसाला काही वाटत असतं तर हात कापला असता, आकडे इकडचे तिकडे झाले असते. तिचे प्रश्न एकामागून एक उलगडत गेले, जणू कुणी आतून दिवा लावला होता. शेवटी पडद्यावर तीनशे सत्तावीस आलं आणि ती हसली. एकटीच, खुर्चीत, काचेच्या अलीकडे. मग चौदा नंबर उघडला. नऊ फोन येऊन गेले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशी भिंतीला टेकून उभी होती, आईची धाकटी बहीण, डोळे सुजलेले. बारा वीसला गेली, ती म्हणाली. मग तिला जवळ न घेता मावशीनं विचारलं, "पेपर पूर्ण दिलास का गं?" आणि तिच्या तोंडून निघालं, "नाही. सोडून आले." एवढं एकच वाक्य ती स्वतः बोलली होती. बाकी सगळं बाबांचं. फोन कसे केले, कसा नुसता वाजत राहिला, बिचारीनं सुट्टीत बघितलं आणि तशीच निघाली, वाटेत पूल बंद. दीड वाजता पोचली. पूल बंद होता हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. बाबांनी कुठेतरी ऐकलं असेल किंवा दुःखात त्यांच्या डोक्यात दोन दिवस एकत्र झाले असतील, असं तिनं धरून ठेवलं होतं. देवभोळ्या माणसाला फसवावं तसं तिला वाटायचं आणि ती मान खाली घालायची. ऐकणारे समजायचे, पोरीला अजून सहन होत नाही.

ती घरी पोचली तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. बाबा आंघोळीला. तिनं चपलाही काढल्या नाहीत. संगणकाच्या कडेला पासवर्ड चिकटवलेलाच होता, सुवाच्य, अधोरेखित. बाबांची चोरांबद्दल अशी समजूत होती की ते संगणकापर्यंत येतच नाहीत. पत्र होतं. न वाचलेलं, ठळक अक्षरात, सगळ्यात वर. तिनं ते काढून टाकलं, मग कचऱ्याच्या टोपलीत जाऊन तिथूनही काढून टाकलं. पाण्याचा आवाज चालूच होता. तिच्या जिवात जीव आला. आणि जीव आल्यामुळेच, निव्वळ कामाच्या सवयीनं, एक बाटली तपासली की त्याच विहिरीची दुसरी तपासायची असते म्हणून, तिनं परीक्षा मंडळाचं नाव शोधाच्या चौकटीत लिहिलं. आणखी कुठली प्रत राहिली नाही ना एवढंच बघायचं होतं. एक पत्र आलं. आजचं नव्हे. साडेचार वर्षांपूर्वीचं, परीक्षेनंतर पंधरा दिवसांनी आलेलं. आपले अधिकृत निकालपत्रक सोबत जोडले आहे. अक्षरं बारीक होती. म्हणजे पत्र वाचलेलं होतं.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तिला दुसऱ्या कुणीतरी केल्यासारखा ऐकू आला. फाइली भिंतीतल्या कपाटात होत्या, वर्षाची एक, पाठीवर आकडे. त्या वर्षाची फाइल जाड होती. दवाखान्याची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, मग आईचा मृत्यूचा दाखला. त्याच्या लगेच पुढे, कारण परीक्षेची तारीख तीच, तिचं निकालपत्रक. दोन भोकं अगदी मधोमध. पाचही भागांच्या गुणांपुढे लाल पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा होत्या, शेवटच्या भागापुढेही, त्याच हातानं, त्याच जोरानं. आणि तळाशी बाबांच्या कचेरीतल्या अक्षरात एक तारीख, तिच्यापुढे: पर्यंत चालेल. ती तारीख आजपासून पाच महिन्यांवर होती.

तिला आठवायचा होता तो पूल. पहिल्या दिवशी, व्हरांड्यात, पूल नव्हता. आईला घरी आणल्यावर माणसं भेटायला येत होती तेव्हाही नव्हता. पहिल्या आठवड्यात बाबा नुसते बसून असत आणि कुणी विचारलं तर म्हणत, अर्ध्यातून उठून आली, आणि गप्प होत. मग एका दुपारी मावशी, तिच्या स्वभावाप्रमाणे हिशेब लावत म्हणाली होती की अकराला उठली तर दीड का वाजला, तासाभराचाही रस्ता नाही. तेव्हा बाबांनी उत्तर दिलं नव्हतं. नंतर कधीतरी दिलं. दुपारची वेळ, मावशी उंबऱ्याशी चपला घालत होती, आणि बाबा तिथूनच, आतल्या खोलीतून, छापायचं यंत्र चालू असताना म्हणाले होते, पूल बंद होता. यंत्र चालू होतं हे तिला आठवत होतं, कारण वाक्य दोनदा म्हणावं लागलं होतं. तिनं तो दिवस मोजून बघायचा प्रयत्न केला. पंधरावा, नाहीतर सोळावा. म्हणजे कागद हातात घेऊन. म्हणजे साडेचार वर्षं, प्रत्येक पाहुण्यासमोर, ती मान खाली घालायची तेव्हा बाबा तिच्या मानेकडे बघत असणार. आणि यंदा दिवाणावर बसून, काही विषय नसताना, परत बस परीक्षेला, यंदाच बस, पुढच्या वर्षी नको, असं ते म्हणाले होते. तिला वाटलं होतं की त्यांना घर एकट्याला हवंय.

पाण्याचा आवाज थांबला. तिनं फाइल जागेवर ठेवली, संगणक बंद केला, चपला काढून दाराशी नेऊन ठेवल्या. बाबा टॉवेलनं कान पुसत बाहेर आले. लवकर कशी आलीस, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सांगितलं की मावशी येतेय, चहा ठेव. मग संगणक लावला. तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं. चालू होण्याचा आवाज, माउसची टिचकी, मग शांतता, मग पुन्हा टिचकी, पुन्हा. छापायचं यंत्र काही सुरू झालं नाही. पकडले जाण्याची भीती तिच्या ओळखीची होती, एवढ्या वर्षांत तिच्यासोबत राहून ती माणसाळली होती. ही दुसरी होती. हिला तोंडच नव्हतं. ज्याच्यापासून लपवलं तो इतके दिवस लपवण्याच्या आतच येऊन बसलेला होता, आणि तिथून एक शब्द बोलला नव्हता. का बोलला नव्हता? माया म्हणून? की शिक्षा म्हणून, रोज थोडी थोडी, माणसांसमोर? चहा उतू गेला आणि तिनं गॅस बंद केला.

मावशी आली, बसली, पायाचं दुखणं सांगून झालं, मग विषय निघाला. निघणारच होता. परदेशी जाणार म्हणे, एवढं चांगलं काम सोडून, आणि बाबांचं काय? बाबांचं बाबा बघतील, असं बाबा म्हणाले. मावशीनं मग गुण विचारले. तीनशे अकरा हा आकडा तिला थोडा का पुष्कळ ते कळलं नाही, म्हणून तिनं विचारलं की मागच्या वेळी किती होते. बाबा शांतपणे म्हणाले की मागच्या वेळी कुठले, अर्ध्यातून उठली ना. आणि त्यांनी सुरुवात केली, सवयीनं, नेहमीच्या ठिकाणाहून. मी फोन करतोय, करतोय, नुसता वाजत राहिला. हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं होतं आणि आज पहिल्यांदा ऐकलं. फोन वाजत राहिला नव्हता. अकरा दहाचा फोन दुसऱ्या थरथरीला थांबला होता. तिकडे, आईच्या पलंगाशी, बाबांच्या कानात तो कटला होता. वाजत राहिलेला फोन आणि कुणीतरी हातात घेऊन बंद केलेला फोन, यांतला फरक कळायला निकालपत्रक लागत नाही. ते कुठल्याही कागदावर नव्हतं. ते बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मावशी औषधाची गोळी घ्यायला पाणी आणायला आत गेली. माठाचं झाकण वाजलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे न बघता, खालच्या आवाजात विचारलं, "दोन्ही पाठवलेस ना?"

तिनं हातातली बशी खाली ठेवली.

"तीनशे अकरावर घेणार नाहीत ते. मी वाचलंय त्यांचं."

"पाठवले," ती म्हणाली.

"मग प्रत यायला हवी होती. मी बघितलं, आली नाही."

"आली होती. मी काढून टाकली."

बाबांनी आता तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. चुकीच्या तारखेचा कागद हातात आल्यावर ते बघायचे तसं. "परत मागव," ते म्हणाले. "लावायची राहिलीय."

तिला विचारायचं होतं. पूल कुठून आणलात, एवढंच. की एवढंच नव्हे, आईनं त्या शेवटच्या तासात काही म्हटलं का, तुम्ही फोन कटल्यावर तिला काय सांगितलंत. तेवढ्यात मावशी पदरानं तोंड पुसत परत आली. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. खोलीत काहीतरी बोलणं होऊन गेलंय एवढं तिला कळलं असावं, कारण ती लगेच बसली नाही.

"तो पूल कशानं बंद होता हो त्या दिवशी?" मावशीनं विचारलं. "मी कधी विचारलंच नाही."

साडेचार वर्षांत पहिल्यांदा बाबा बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि मावशीसारखेच तिच्याकडे बघत राहिले. बाहेर कुणाच्या तरी घराची बेल वाजली आणि थांबली.

"पाण्याची मोठी लाइन फुटली होती," ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखा होता. स्वच्छ. आकडे सांगताना असतो तसा. बाबांनी हलकेच मान हलवली, वरून खाली, एकदाच.

"असं होय," मावशी म्हणाली. ती सावकाश दिवाणावर टेकली, दुखरा पाय लांब केला, पाठीशी उशी घेतली. "बस अशी समोर. आणि सांग बघू, पहिल्यापासून. नेहमी तुझे बाबाच सांगतात. तुझ्या तोंडून मी ऐकलेलंच नाही."

बाबांनी आपली खुर्ची जरा पुढे ओढली.